सगळ्यात मुका कॉम्प्युटर

हिराजीकाकांनी कॉम्प्युटरला दात लावले तेव्हा दुकानात मी एकटीच होते. मशीन चालू होतं. त्यांनी आधी त्याच्या पत्र्याच्या कॅबिनेटवर तळहात ठेवला, मग वाकून वरची कड अलगद दातांत धरली आणि डोळे मिटले. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा फुलशर्ट, खिशाला पेन, आणि तोंडात कॅबिनेट. शॉक बसेल, एवढं तरी मी सांगायला हवं होतं. तेही माझ्या तोंडून निघालं नाही.

मिनिटभराने ते सरळ झाले, रुमालाने कड पुसली आणि पुढच्या मशीनकडे वळले. तीन मशीनं अशी बघून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, यातला सगल्यात मुका कुठचा?"

हे नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी. मी डोंबिवलीला राहत होते आणि ठाण्यात, सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवून देणाऱ्या एका दुकानात कामाला होते. मालक नंदूशेठ. त्यांनी मला ठेवलं ते माझ्या इंग्रजीसाठी. भागांसोबत येणाऱ्या पुस्तिका वाचायच्या आणि गिऱ्हाइकाला समजावून सांगायच्या, हे माझं काम. त्यातलं वाचणं मला जमायचं. माझ्या शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा आणि घरी इंग्रजी बोललं की टोमणा मिळायचा, त्यामुळे मला दोन्हीकडे गप्प बसायची सवय लागली होती.

गिऱ्हाइकं यायची ती स्पीड किती विचारायची, मुलाला गेम खेळता येतील का विचारायची. आवाज किती करतो, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"मुका म्हणजे?" मी विचारलं.

"पंखा कमी घुमतो तो. मना घरात गिटार रेकॉर्ड कराची हाय. वाजवताना यो मधेच गुरगुरला तं कसा चालंल?"

तेवढ्यात नंदूशेठ चहा घेऊन आले. काका आता चौथ्या मशीनवर वाकले होते. शेठ क्षणभर बघत राहिले, मग म्हणाले, "काका, मीठ बरोबर आहे ना?"

काकांनी मान वर केली. "यो अलनी हाय. तो पलीकडचा लई खारट."

त्या दिवसापासून ते दर शुक्रवारी येऊ लागले. कोलशेतला एका केमिकल कंपनीत, कॉम्प्रेसर असतात त्या खोलीत त्यांची बावीस वर्षं नोकरी झाली होती. शुक्रवार त्यांच्या सुट्टीचा. अकराच्या सुमाराला यायचे, चपला दाराबाहेर काढायचे, खुर्ची ओढून माझ्या टेबलाच्या उजव्या बाजूला बसायचे. नेहमी उजव्याच बाजूला. आधी छतावरचा पंखा बंद करायला लावायचे. भर मे महिन्यात आम्ही घामाने निथळत असायचो, आणि काका शांतपणे वही उघडायचे.

त्या वहीत प्रश्न असायचे. एक मिनिटाचं वाजवणं साठवायला किती जागा लागते? मी पुस्तिकेत बघून सांगितलं, साधारण दहा एमबी. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि हार्ड डिस्क मोठी मागितली. स्पीड मात्र कमीचा मागितला. नंदूशेठ चकित. "काका, लोक स्पीडसाठी भांडतात, तुम्ही उलटे कसे?"

"जास्त पलतो त्यो जास्त तापतो. तापला का पंखा मोठा लागतो. पंखा मोठा म्हंजे बोंबाबोंब," काका म्हणाले. "मना पलायचा नाय, शेठ. मना बसून वाजवायचा हाय."

साउंड कार्डावर तर दोन शुक्रवार गेले. त्यांना स्वतःच वाजवलेलं मागे ऐकत ऐकत त्यावर दुसरी गिटार वाजवायची होती. सगळ्या कार्डांना एकाच वेळी ऐकवणं आणि टिपणं जमत नसे. मी चार पुस्तिका वाचून काढल्या आणि एक कार्ड शोधून दिलं. इलेक्ट्रिक गिटारची वायर माइकच्या भोकात लावायची नाही, ऑर्केस्ट्रात वापरायचा तो छोटा मिक्सर मध्ये घ्यायचा आणि त्याच्यातून लाइनच्या भोकात जायचं, हेही पुस्तिकेतच होतं. काकांनी ते वहीत लिहून घेतलं, मग वही बंद करून म्हणाले, "बाय, तू कमी बोलतेस, पन वाचतेस बरोबर." त्या दिवसापासून मी मॅडमची बाय झाले.

सगळं वाजवून बघायची त्यांना खोड होती. टेबल, चहाचा ग्लास, नंदूशेठचं नवं कपाट. टिचकी मारायची आणि मान कलती करायची. नंदूशेठना सुकट चालत नाही हे माहीत असून दर वेळी कागदात बांधून आणायचे आणि म्हणायचे, "शेठ, नुसता वास घ्या, पाप लागत नाय."

दातांचं मी एकदा धीर करून विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील खाडीत मासे धरायचे. होडी थांबवून वल्ह्याचं एक टोक पाण्यात सोडायचे आणि दुसरं दातांत धरायचे. खाली ढोमा असला तर कुरकुर यायची, घोळ असली तर ढोल बडवल्यासारखं. "कानाला वारा लागतो," काका म्हणाले, "हाडाला लागत नाय. बापूस माझा हाडान आयकायचा." पुढे खाडीचं पाणी खराब झालं, मासा गेला, आणि मुलगा कंपनीत लागला. ऐकायची रीत तेवढी त्याच्याकडे राहिली. माझ्या मनातलं कोडं सुटलं असं मी धरून चालले. इतकं धरून चालले की सहा महिने डोळ्यांसमोर होतं ते मला दिसलं नाही.

मशीन तयार झालं. पोचवायच्या दिवशी आमचा इंजिनियर रजेवर होता, म्हणून रिक्षात खोका मांडीवर घेऊन मीच कोलशेतला गेले. काकांचं घर कोळीवाड्याच्या टोकाला. अंगणात पालथी घातलेली जुनी होडी, तिच्या सावलीत एक तांबडा गावठी कुत्रा, मोत्या. काकांच्या पत्नी, सोनाकाकी, पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि खोक्याकडे बघून म्हणाल्या, "आली का सवत?"

अर्थिंगचं मी आधीच सांगून ठेवलं होतं. नाहीतर सगळ्यात घुं असा आवाज येतो. काकांनी परसात पुरुषभर खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली होती आणि वर कोळसा आणि खडेमीठ ओतलं होतं. मिठागर बंद व्हायच्या आधीचं मीठ, घरात पोत्याने पडलेलं. आमच्या दुकानाच्या अर्थिंगपेक्षा ते चांगलं निघालं.

मी सगळं जोडून, शिकवून आले. आठवडा गेला असेल, काकांचा शेजारच्या पीसीओवरून फोन. "बाय, मशीन आपोआप बंद पडतो. ये जरा."

मी गेले आणि दारातच थांबले. कॅबिनेट कुठे दिसेना. मॉनिटर होता, की-बोर्ड होता, वायरी होत्या, आणि त्या वायरी कोपऱ्यातल्या थर्माकोलच्या मोठ्या पेटीत जात होत्या. बंदरावरून मासळी आणायची पेटी. पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून काकांनी कॉम्प्युटर पेटीत घालून झाकण लावलं होतं. आत तो तापून बंद पडायला लागला, तेव्हा त्यांनी त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून बर्फ रचला होता.

मी झाकण उचललं. आत पत्र्याला घाम सुटला होता, थेंब खाली ओघळत होते. मी बटण बंद केलं, प्लग ओढला, आणि मगच श्वास घेतला.

"मासला चार दिस टिकतो यात," काका म्हणाले.

"काका, हा मासा नाही."

मी कोणाला इतकं स्पष्ट काही बोलले, याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं. सोनाकाकी दारातून म्हणाल्या, "बोल पोरी, बोल त्याला. मी बोल्ले तं आयकत नाय." आणि हसल्या, पण हसताना काकांकडे बघितलं नाही.

दोन दिवस मशीन उघडं करून उन्हात वाळवलं. सुरू झालं, माझा विश्वास बसेना. मग कॅबिनेट खिडकीबाहेर पडवीत ठेवलं, वर होडीची जुनी ताडपत्री टाकली, वायरी खिडकीतून आत घेतल्या. पंख्याचा प्रश्न मिटला.

काकांची स्वतःची चौदा गाणी होती. शब्द नसलेली, नुसती गिटारची. ऑर्केस्ट्राबरोबर हळदीला, लग्नाला लोकांच्या फर्माइशी वाजवून झाल्या की घरी येऊन वाजवायची. नावं खाडीची: 'उधाण', 'भांग', 'घोळ', 'चिखल'. भांग म्हणजे उधाण ओसरल्यावरची मंद, कमी पाण्याची भरती. एकाचं नाव 'कंपनी'. त्याचा ठेका कॉम्प्रेसरचा होता, धक्-धक्-फुस. कोणी शिकवलेलं नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं. ती फक्त त्यांच्या हातात होती.

तीन महिन्यांत अकरा गाणी टिपून झाली. एका शुक्रवारी मला बोलावलं, खुर्चीवर बसवलं, डोक्याला हेडफोन लावला. स्वतः समोर उकिडवे बसले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

'उधाण' सुरू झालं. आणि पहिल्या सुराबरोबर एक शिट्टी. बारीक, सुईसारखी, न थांबणारी. गाणं संपेपर्यंत ती होती. दुसऱ्या गाण्यातही. तिसऱ्यातही. अकराच्या अकरा गाण्यांत ती शिट्टी होती, आणि माझे दात आंबत होते.

मी हेडफोन काढला.

"कसा वाटला?"

"छान," मी म्हणाले.

त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते. मला वाटलं, त्यांना चालत असेल. मला वाटलं, माझेच कान नाजूक. खरं तर मला काही वाटलं नाही. समोर माणूस वाट बघत बसला होता, आणि मला सवयीप्रमाणे लवकरात लवकर गप्प व्हायचं होतं.

सोनाकाकी मला वळणापर्यंत सोडायला आल्या. होडीपाशी थांबल्या.

"पोरी, खरा सांग. बरोबर झालाय का?"

मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही.

"मना समजत नाय गो त्यातला," त्या म्हणाल्या. "पन आता नाय झाला तं राहिला. त्याचा डावा कान सा वर्सां झाली, बंद हाय. कॉम्प्रेसरनी खाल्ला. उजवा पन चाललाय. बारीक आवाज कवाच गेले. कुकरची शिट्टी आयकू येत नाय त्याला. डाक्टर बोल्ला, वरीस काढंल."

खुर्ची नेहमी उजव्या बाजूला. बंद करायला लावलेला पंखा. माझ्या चेहऱ्यावर रोखलेले डोळे. दात. वडिलांची रीत खरी होती, पण ते दुकानात दातांनी ऐकत होते ते हौसेने नव्हे. ऐकायला त्यांच्याकडे दुसरं फारसं काही उरलं नव्हतं. सहा महिने मी त्यांच्या शेजारी बसून पुस्तिका वाचून दाखवल्या, आणि ते माझे ओठ बघत होते.

घरी जायचं सोडून मी परत फिरले.

काका कॉम्प्युटरसमोर बसून तेच गाणं स्पीकरवर ऐकत होते, हात स्पीकरवर ठेवून. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "काका, शिट्टी आहे. सगळ्या गाण्यांत. मी मघाशी खोटं बोलले."

मला वाटलं, ते चिडतील. किंवा मोडून पडतील. त्यांनी गाणं थांबवलं आणि विचारलं, "कवरी?"

"खूप. शेवटपर्यंत."

"तरी बोल्लो," ते म्हणाले. "मी हे लावला का मोत्या उठून जातो. आधी मना वाटला, माझा वाजवना त्याला आवडत नाय."

म्हणजे त्यांना संशय होता. त्यांनी पुतण्याला विचारलं होतं, ऑर्केस्ट्राच्या ढोलकीवाल्याला विचारलं होतं, नंदूशेठनाही घरी आणून ऐकवलं होतं. "सगली बोल्ली, छान. तू पन बोल्लीस, छान. मना छान कुठं पायजे होता गो? मना कान पायजे होता."

एवढं बोलून त्यांनी माउस धरला, अकराही गाणी एकदम निवडली आणि पुसून टाकली. मग कचऱ्याचा डबा उघडला आणि तोही रिकामा केला. ते कसं करायचं हे मीच त्यांना शिकवलं होतं. माझा हात मध्येच उचललेला राहिला.

"काका, एक तरी ठेवायचं होतं."

"कुजका मासला ठेवून काय, ताजा होतो?" ते म्हणाले. "बस तू. शिटी कई जाते ते सांग."

शिट्टी मॉनिटरमधून गिटारच्या तारांखालच्या चुंबकात येत होती. मॉनिटर बंद केला तरी थोडी उरायची, ती पडवीतल्या कॅबिनेटची. काका गिटार घेऊन स्टुलावर बसले, मी हेडफोन लावला, आणि ते बसल्या जागी हळूहळू फिरू लागले. देवळाकडे तोंड केलं की शिट्टी वाढायची. रस्त्याकडे केलं की जरा कमी. मी हाताने खूण करत होते, थोडं अजून, थोडं अजून. त्यांचं तोंड बरोबर खाडीकडे झालं, आणि शिट्टी नाहीशी झाली. मी हात वर केला. सोनाकाकींनी खडूने स्टुलाच्या चारही पायांभोवती गोल काढले. ते गोल पुढे कधी पुसले गेले नाहीत. सारवताना काकी तेवढी जागा सोडायच्या.

त्यानंतरचे सगळे शुक्रवार मी कोलशेतला काढले. नंदूशेठनी कुरकुर केली नाही. एकदा फक्त म्हणाले, "रश्मी, मी छान म्हणालो होतो, ते त्यांना कळलं का?" मी हो म्हटलं. ते बराच वेळ स्क्रू निवडत बसले.

माझं काम ऐकायचं. तार उतरली की डावा हात, शिट्टी आली की उजवा, सगळं ठीक असेल तर दोन्ही हात मांडीवर. खोटं बोलायला त्यात फारशी जागा नव्हती. काका फार कडक होते. मी दयेने हात मांडीवर ठेवला की ओळखायचे. "बाय, हात बोलतो ठीक हाय, पन तुझा तोंड तसा नाय बोलत," असं म्हणून पुन्हा वाजवायचे.

पण कान चालला होता, हे मला दर आठवड्याला दिसत होतं. पावसाळा संपेपर्यंत मी उजवीकडून मोठ्याने बोललेलंही त्यांना दोनदा सांगावं लागे. तार लावताना ते गिटारची वरची कड दातांत धरायचे आणि पेग फिरवायचे. त्या गिटारवर दातांच्या खुणांची ओळच उमटली होती. ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मी नजर दुसरीकडे वळवली.

'भांग' राहून गेलं. ते फार हळू वाजवायचं गाणं होतं आणि इतका हळू सूर हाडापर्यंत पोचत नव्हता. सात वेळा वाजवलं, सातही वेळा माझा डावा हात वर गेला. आठव्यांदा त्यांनी गिटार बाजूला ठेवली आणि म्हणाले, "जाऊ दे. भांगाला पानी कमीच असतं." सोनाकाकी उठून चूल बघायला गेल्या. गॅस येऊन चार वर्षं झाली होती.

'कंपनी' शेवटी ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. पण तो ठेका बावीस वर्षं त्यांच्या पायांत होता. पाय जमिनीवर आपटत एका दमात वाजवलं. माझे दोन्ही हात मांडीवर होते. ज्याने कान खाल्ला त्याचंच गाणं सगळ्यात स्वच्छ आलं, आणि काकांच्या चेहऱ्यावर राग शोधून मला सापडला नाही.

तेरा गाणी झाली. सीडी लिहून देणारं ओळखीचं दुकान कल्याणला होतं. काकांचा कॉम्प्युटर उघडून हार्ड डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून मी ती घेऊन गेले. सगळ्या वाटेत पिशवी छातीशी धरून होते. एका धक्क्यात तेरा गाणी गेली असती.

पुढच्या शुक्रवारी सीडी घेऊन गेले. ती काकांची माझी शेवटची नीट भेट. पुढच्या वर्षी माझी नोकरी बदलली, मी पुण्याला गेले, आणि नंतर कोलशेतला गेले तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, मुलीकडे गेलेत उरणला.

पण त्या शुक्रवारी सगळे घरात होते. मी स्पीकरवर सीडी लावली. काकांनी स्पीकर उचलून मांडीवर घेतला, वाकून त्याची लाकडी कड दातांत धरली. डोळे मिटतील असं मला वाटलं. मिटले नाहीत. पहिलं गाणं सुरू झालं, 'उधाण', आणि मी माझे हात मुद्दाम मांडीवर ठेवून समोर बसले. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं नाही. ते माझ्यावरून पलीकडे, दाराच्या दिशेने बघत होते.

मी वळून पाहिलं. उंबऱ्याच्या आत मोत्या आडवा पडला होता. गाण्याच्या सुरुवातीला त्याने एक कान उचलला. मग तो खाली टाकला, पाय लांब केले आणि तिथेच झोपून गेला.